आधी केबल टाय बांधा, स्प्रिंगा नंतर घ्या

पत्र असं आहे: "दादा, माझी हॅचबॅक पाच वर्षांची आहे, ८० हजार किलोमीटर झालेत. पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेला खांब) आणि मागे आडव्या बीमचा एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) आहे. चाक आणि मडगार्डमध्ये अख्खा पंजा मावेल एवढी फट दिसते आणि ती मला रोज खुपते. गाडी ४० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांचा सेट मिळतोय. शॉकअप आहेत तेच चालतील, असं विकणारा म्हणतो. मित्र म्हणतो, पैसे कशाला घालवतोस, आहेत त्याच स्प्रिंगांचं एकेक वेटोळं काप. आई म्हणते, गाडीला हात लावू नकोस. मागच्या सीटवर तीच बसते आणि तिची कंबर दुखते. मला गाडी छान दिसायला हवी आणि वळणावर रस्त्याला चिकटून चालायला हवी. काय करू?"

तुमची हौस मला कळते. नीट बसलेली गाडी बघायला मलाही आवडते. म्हणून उत्तर आधी सांगतो आणि कारणं मागून देतो. कापाकापी करू नका. ४० मिलिमीटरचा सेट घेऊ नका. ८० हजार किलोमीटर चाललेल्या शॉकअपवर (स्प्रिंगेचे हेलकावे आवरणाऱ्या तेलाच्या नळकांड्यांवर) नव्या स्प्रिंगा चढवू नका. करायचंच असेल तर २५ मिलिमीटरच्या आत, स्प्रिंगेला जुळणाऱ्या नव्या शॉकअपसह करा. आणि तेही खाली सांगतो ते माप घेतल्यावरच.

सपाट जमिनीवर गाडी उभी असते तेव्हा स्प्रिंग गाडीच्या वजनाने अर्धवट दबलेली असते. उंचवटा आला की चाक तिथून आणखी वर चढतं आणि काही अंतरावर बंप स्टॉपरला भिडतं. बंप स्टॉपर म्हणजे शॉकअपच्या दांड्यावर बसवलेला रबराचा किंवा फोमचा ठोकळा. उभ्या गाडीपासून या ठोकळ्यापर्यंतच्या अंतराला गॅरेजमध्ये ट्रॅव्हल म्हणतात. गाडी ४० मिलिमीटर खाली आणली की ते ४० मिलिमीटर सगळेच्या सगळे या ट्रॅव्हलमधून जातात. बाहेरून फक्त फट कमी झालेली दिसते, आत काय गेलं ते दिसत नाही.

समजुतीसाठी सोपे आकडे घेऊ. समजा तुमच्या गाडीत ७० मिलिमीटर ट्रॅव्हल आहे आणि चाक १ मिलिमीटर वर ढकलायला २ किलोचा जोर लागतो. म्हणजे स्टॉपरला टेकण्याआधी एक चाक १४० किलोचा जादा दाब पोटात घेऊ शकतं. आता ४० मिलिमीटर खाली बसवणारी स्प्रिंग घातली. ती मूळ स्प्रिंगेपेक्षा पाव पटीने जास्त कडक आहे असं धरू, म्हणजे मिलिमीटरला अडीच किलो. ट्रॅव्हल उरला ३०. तीस गुणिले अडीच म्हणजे ७५ किलो. सस्पेन्शनची झेलायची ताकद जवळपास निम्मी झाली. पूर्वीइतके १४० किलो झेलायचे तर मिलिमीटरला साधारण ४.७ किलो लागतील, म्हणजे मूळ स्प्रिंगेच्या दुपटीहून कडक. एवढी कडक स्प्रिंग घरच्या गाडीत कुणी घालत नाही आणि घालूही नये. थोडी कडक आणि बरीच बुटकी स्प्रिंग घेतली की हा हिशेब तोट्यातच जातो.

याच आकड्यांनी मागची सीट बघा. मागे माणसं बसली आणि डिकीत सामान ठेवलं, तर मागच्या प्रत्येक चाकावर ७५ किलो सहज वाढतात. अडीच किलोच्या स्प्रिंगेवर ७५ किलो म्हणजे गाडी ३० मिलिमीटर खाली. तुमच्याकडे उरले होतेच ३०. म्हणजे दारं लावून गाडी निघायच्या आधीच ती स्टॉपरवर बसलेली असेल. मग प्रत्येक गतिरोधकाचा धक्का थेट बॉडीत आणि बॉडीतून तुमच्या आईच्या कमरेत. सगळ्या गाड्यांचे आकडे असेच नसतात, पण हिशेबाची रीत हीच आहे. तुमच्या आईने एकही आकडा न मांडता नेमक्या जागी बोट ठेवलंय.

प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगांमुळे हे थोडं सुधारतं. त्यांची काही वेटोळी जवळजवळ असतात. भार आला की ती एकमेकांना टेकतात, कामातून बाद होतात आणि उरलेल्या वेटोळ्यांची स्प्रिंग कडक वागते. मागच्या एक्सलसाठी मला त्याच पसंत आहेत, कारण रिकाम्या आणि भरलेल्या गाडीतला फरक मागेच जास्त असतो. तरीसुद्धा ४० मिलिमीटरचा तोटा त्या भरून काढत नाहीत.

आता केबल टाय. तारा बांधायची प्लॅस्टिकची पट्टी. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर, धुळीचं कव्हर वर सरकवून, ती बांधा. हाताने सरकेल पण आपोआप घसरणार नाही, इतपत घट्ट. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी असताना पट्टी खाली सरकवून शॉकअपच्या नळकांड्याला टेकवा. नळकांड्याच्या वरच्या कडेपासून स्टॉपरच्या खालच्या टोकापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. मागे हे सोपं जातं. पुढच्या स्ट्रटवर चाक पूर्ण वळवून, हात घालून करावं लागतं. मग आठवडाभर गाडी नेहमीसारखी चालवा. आईला, घरच्या सगळ्यांना घेऊन किमान एक फेरी भरल्या गाडीने झालीच पाहिजे. दर वेळी चाक वर चढलं की नळकांडं पट्टीला ढकलतं, आणि ती सर्वांत खोल दबलेल्या जागी थांबून राहते. आठवड्याने रिकामी गाडी पुन्हा त्याच सपाट जागी उभी करून नळकांडं आणि पट्टी यांतलं अंतर मोजा. तुम्ही खरोखर वापरलेला ट्रॅव्हल तो. एकूण ट्रॅव्हलमधून तो वजा केला की उरेल ती तुमची शिल्लक. मागे शिल्लक १० मिलिमीटरच असेल, तर गाडी २५ खाली आणायचा विचार तिथेच सोडून द्या. २५ ते ३० शिल्लक निघाली तर पुढचं वाचा. हे माप दांड्यावरचं आहे हे मात्र ध्यानात ठेवा. शॉकअप तिरका किंवा चाकापासून आत बसवलेला असेल, तर चाक त्याहून थोडं जास्त हललेलं असतं.

एवढी साधी गोष्ट खरेदीच्या आधी फार कमी लोक करतात, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. एक पट्टी आणि एक आठवडा, दुसरं काही लागत नाही.

शॉकअपबद्दल विकणाऱ्याने जे सांगितलं ते मला पटत नाही. स्प्रिंग गाडी तोलून धरते. तिचं हेलकावणं थांबवण्याचं काम शॉकअपचं. कंपनीने दोघांची जोडी जमवलेली असते. स्प्रिंग २५ टक्के कडक केली की तेवढ्याच चांगल्या रीतीने हेलकावा आवरायला सुमारे १२ टक्के जास्त अटकाव लागतो, कारण तो कडकपणाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतो. नवा शॉकअप एवढी तफावत कदाचित सांभाळून घेईल. तुमचे ८० हजार किलोमीटर चाललेले शॉकअप नव्याइतकाही अटकाव देत नसणार. तेल झिरपतं, आतल्या झडपा आणि सील झिजतात, आणि हे इतकं हळू घडतं की रोज चालवणाऱ्याला समजतही नाही. अशा शॉकअपवर कडक स्प्रिंग बसली की गाडी एका धक्क्यानंतर दोन-तीन वेळा डुलत राहते. टायर रस्त्यावर नीट दाबलेला राहत नाही. तुम्हाला जी पकड हवी आहे तीच जाते.

शिवाय गाडी खाली बसली की शॉकअपचा पिस्टन नळीत कायमचा खालच्या भागात काम करतो. स्टॉपर काढून टाकला असेल तर एखाद्या मोठ्या खड्ड्यात पिस्टन तळाला आपटतो आणि शॉकअप कायमचा बाद होतो. म्हणून स्टॉपर काढून टाका असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. स्प्रिंग बनवणाऱ्याने तुमच्या मॉडेलसाठी तो अमुक मिलिमीटर छाटा असं छापील सूचनेत दिलं असेल, तर तेवढाच छाटा. म्हणून मी म्हणतो, घ्यायचं तर त्या स्प्रिंगांसाठीच बनवलेल्या, आखूड दांड्याच्या शॉकअपसह पूर्ण किट घ्या. टॉप माउंट (स्ट्रटला वर बॉडीशी जोडणारा रबरी भाग) आणि स्ट्रटचं बेअरिंगही त्याच वेळी नवं टाका. तेवढ्यासाठी पुन्हा सगळं उघडणं म्हणजे दुप्पट मजुरी.

फक्त पुढे किंवा फक्त मागे स्प्रिंगा बदलायचं मनात असेल तर तेही सोडा. उंचवट्यावरून आधी पुढची चाकं जातात, मागची क्षणभराने. मॉरिस ऑली या इंजिनिअरने १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये यावर पुष्कळ काम केलं. मागचं सस्पेन्शन पुढच्यापेक्षा थोडं जलद हलेल असं ठेवलं, तर मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि गाडी नाक-शेपूट न आपटता सपाट वरखाली होते, हे त्याने दाखवलं. पुढची बाजू एकटीच कडक केली की हा मेळ बिघडतो.

मित्राच्या सल्ल्याबद्दल. स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार १० टक्के जाड केली तर स्प्रिंग ४६ टक्के कडक. वेटोळी कमी केली तर मात्र फक्त त्या प्रमाणात. सहा कामाच्या वेटोळ्यांतलं एक कापलं, तर स्प्रिंग २० टक्के कडक होते आणि उंची मात्र कितीतरी जास्त जाते. चांगल्या बनवलेल्या स्प्रिंगेत तार, व्यास आणि वेटोळी हे तिन्ही मिळून ठरवलेलं असतं, एक करवत ते साधू शकत नाही. आणि हा त्यातला लहान धोका. मोठा धोका असा की कापलेलं टोक खालच्या बशीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लोंबकळलं किंवा गाडी जॅकवर उचलली की बुटकी स्प्रिंग सैल पडते आणि जागेवरून सरकू शकते. वेगात असताना तिरकी बसलेली स्प्रिंग टायरला किंवा ब्रेकच्या होजला लागली तर काय होईल, हे मी लिहीत बसत नाही. चांगल्या किटची पहिली खूणच ही, की चाक पूर्ण लोंबकळत असतानाही स्प्रिंग दोन्ही बशांमध्ये थोडी तरी दाबलेली राहते. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवणारेही असतात. तापवलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि ती स्प्रिंग मग पुढेही बसतच जाते.

आता वळणावर चिकटण्याबद्दल. गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर कमी सरकतं, हे खरं आहे. पण किती? गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५० मिलिमीटरवर असेल, तर पूर्ण ४० ने खाली आणूनही हे सरकणं फक्त ७ टक्क्यांच्या आसपास कमी होतं. चांगल्या टायरमुळे यापेक्षा जास्त फरक पडतो.

उलट, पुढच्या स्ट्रटमध्ये एक नुकसान लपलेलं असतं. गाडीखाली वाकून लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून बॉडीशी जोडणारा दांडा, बघा. बऱ्याच गाड्यांत तो बॉडीकडून चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली आणली की चाकाकडचं टोक वर येतं. आर्म आडवा होईपर्यंत ठीक. त्यापुढे जाऊन चाकाकडे चढता झाला, की गाडी ज्या कल्पित बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. दोघांतलं अंतर म्हणजेच गाडीला कलवणाऱ्या जोराचा दांडा, आणि तो लांब होतो. स्प्रिंग कडक करून जे मिळवलं त्यातलं बरंचसं इथे परत जातं. शिवाय वळणात कलताना चाकाला जो कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकण्याचा कोन) मिळायचा तोही कमी होतो. टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) आणि लोअर आर्म यांचे कोन जुळले नाहीत तर खड्ड्यावरून जाताना चाकं आपोआप थोडी वळतात आणि स्टिअरिंग हातात ओढ घेतं. मागे तुमचा बीम एक्सल आहे, तिथे कॅम्बर आणि टो (वरून पाहिलं तर चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन) उंचीबरोबर फारसे बदलत नाहीत. कोनांची काळजी पुढे घ्या, ट्रॅव्हलची मागे.

त्यात वळणाच्या मधोमध बाहेरचं चाक स्टॉपरवर बसलं तर त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात कित्येक पट वाढतो. पुढचं बसलं तर गाडी वळायचं सोडून सरळ निघते. मागचं बसलं तर शेपूट सुटते. ओल्या रस्त्यावर हे सावरायला फार कमी वेळ मिळतो.

व्हील अलाइनमेंटबद्दल मी स्वतःच्या चुकीवरून बोलतो. माझी पहिली गाडी मी खाली आणली तेव्हा अलाइनमेंट पुढच्या महिन्यात करू म्हणून ठेवून दिलं. टायर बाहेरून नव्यासारखे दिसत होते. काही महिन्यांनी पंक्चर काढायला चाक उतरवलं, तर आतल्या कडेला रबर संपून तारा उघड्या पडल्या होत्या. त्याच टायरवर घरची माणसं घेऊन मी हायवेने जाऊन आलो होतो. त्या दिवशी पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. अशा वेळी दोष सगळे कॅम्बरला देतात, पण कॅम्बर थोडा वाढल्याने टायर इतक्या लवकर जात नाही. टायर खातो तो बिघडलेला टो. टो टाय रॉडवर सहज लावता येतो. तेव्हा बसवल्याच्या दिवशीच टो लावून घ्या. स्प्रिंगा काहीशे किलोमीटर चालून पूर्ण बसल्या की एकदा संपूर्ण अलाइनमेंट पुन्हा करा. त्यानंतर दर महिन्याला टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवत जा.

काम घरी करायचा मोह होऊ देऊ नका. स्ट्रटवरची स्प्रिंग दीडशे मिलिमीटर दाबलेली असते तेव्हा, आपल्या अडीच किलोच्या हिशेबाने, तिच्यात १० किलोचं वजन सुमारे २.८ मीटर उंचीवरून पडण्याइतकी ऊर्जा कोंडलेली असते. कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) घसरला किंवा वरचं नट आधी सुटलं तर ती सगळी एका क्षणात बाहेर येते, आणि समोर सहसा हात किंवा तोंड असतं. भिंतीला पक्का बसवलेला कॉम्प्रेसर असलेल्या ठिकाणीच काम द्या. तिथे उभं राहून एक गोष्ट मात्र स्वतः बघा: लोअर आर्मच्या बुशचे (रबरी सांध्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर टेकवून, तिच्या वजनाखालीच शेवटचे आवळले पाहिजेत. चाक लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली घेताच बुशमधलं रबर पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मग 'स्प्रिंगा आवाज करतात' म्हणून लोक परत येतात. कामाच्या आधी आणि नंतर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा मध्ये येते. डावी-उजवीकडे ५ मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर स्प्रिंगेचं टोक बशीच्या खाचेत बसलंय का ते तिथेच तपासायला सांगा.

हेडलाइटचा झोत पुन्हा लावून घ्या. काचेमागे कॅमेरा किंवा पुढे रडार असेल तर त्याचं कॅलिब्रेशनही करून घ्या. स्प्रिंग मागवताना फक्त मॉडेलचं नाव पुरत नाही. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड असतं आणि दोन्हींच्या पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या असू शकतात. किटच्या कागदावर प्रत्येक एक्सलचा कमाल भार छापलेला असतो, तो तुमच्या गाडीच्या कागदांशी ताडून बघा. असा कागदच नसेल तर ते किट नको. बदलाला कायद्याची परवानगी लागते का ते आधी विचारा आणि विमा कंपनीला आधीच लेखी कळवा. अपघात झाल्यावर सांगण्यात अर्थ नसतो.

आईच्या कमरेचं अजून थोडं. घरच्या गाड्यांची स्प्रिंग सेकंदाला एक ते दीड हेलकावा या लयीत ठेवतात, कारण ती लय शरीराला चालण्यासारखी ओळखीची वाटते. बसलेल्या माणसाला सर्वांत जास्त जाणवतात ते सेकंदाला ४ ते ८ वेळा येणारे उभे हादरे. पाव पटीने जास्त कडक स्प्रिंगेने मूळ लय फक्त बाराएक टक्के वाढते, तेवढं आई सहन करतील. स्टॉपरवर आपटून येणारे धक्के मात्र कमरेला फार त्रास देतात. आणि गाडी २५ मिलिमीटर खाली गेली की आत बसताना तेवढं जास्त वाकावं लागतं, उठताना तेवढा जास्त जोर लागतो. दुखऱ्या कमरेला हे दर वेळी कळेल. म्हणून निर्णयाच्या आधी त्यांना अशाच बुटक्या एखाद्या गाडीच्या मागच्या सीटवर दोन-चार वेळा बसवून, उतरवून बघा.

केबल टायने शिल्लक नाही असं सांगितलं, तर मी तुमच्या जागी मूळ स्प्रिंगा ठेवीन, चारही शॉकअप आणि टॉप माउंट नवे घालीन, लोअर आर्मचे बुश आणि स्टॅबिलायझरच्या (गाडीचं कलणं कमी करणाऱ्या दांड्याच्या) लिंक तपासून झिजलेल्या बदलीन, आणि उरलेले पैसे चांगल्या टायरमध्ये घालीन. फट तशीच राहील. पण ८० हजारांनंतर गाडी वळणावर अशी बसेल की तुम्हाला ती नवी वाटेल.

शिल्लक निघाली तर चारही चाकांचे आकडे, एकूण ट्रॅव्हल आणि वापरलेला ट्रॅव्हल असे वेगवेगळे लिहून मला पाठवा. लोअर आर्मचा एक फोटोही बाजूने काढून जोडा, गाडी चाकांवर उभी असताना. किती मिलिमीटरचं किट घ्यावं ते मग नक्की सांगतो.